नेपच्यून दोन तासांवर

वासूला चूक दिसली नाही, आणि कुमुदताईंनी धसका घेतला तो त्यामुळे.

तसे पाहिले तर फोनवरचे बोलणे नेहमीचेच होते. 'ट्रायटन चौकी' या मालिकेचा भाग गुरुवारी संध्याकाळी संपला की नागपूरहून अकोल्याला किंवा अकोल्याहून नागपूरला फोन जाई, आणि बहीणभाऊ मिळून त्या भागाची चिरफाड करीत. कुमुदिनी ढवळे निवृत्त होईपर्यंत संख्याशास्त्र शिकवीत होत्या. त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव चांदूरकर औष्णिक वीजकेंद्रात मोजमापाच्या उपकरणांचा अभियंता होता. कथा कशी होती यावर दोघे दोन वाक्ये बोलत. चुका कोणत्या होत्या यावर तासभर. नेपच्यूनच्या ट्रायटन नावाच्या उपग्रहावर वसवलेल्या त्या काल्पनिक चौकीत कुणी पोकळीतून स्फोटाचा आवाज ऐकला, तर वासू लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. मालिकेच्या पहिल्या वर्षी चौकीच्या कप्तानाने पृथ्वीवरच्या अधिकाऱ्याशी समोरासमोर बसल्यासारख्या गप्पा मारल्या होत्या. तेव्हा वासू इतका भडकला, की त्याची बायको नलिनी हिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि ती म्हणाली, "ताई, हे आता टीव्हीला मारतील. बाकीचं उद्या बोला."

वासूचे म्हणणे मात्र चोख होते. नेपच्यून इतका दूर आहे, की प्रकाशाला, आणि म्हणून रेडिओसंदेशालाही, तिथून पृथ्वीवर यायला सुमारे चार तास लागतात. प्रश्न विचारून उत्तर मिळायला आठ. यात ओळखीने, विनंतीने किंवा कथेच्या सोयीने सवलत मिळत नाही. मालिकावाल्यांनी पुढे ते मान्य केले, आणि चौकीवरची माणसे लांबच लांब निरोप पाठवून वाट बघू लागली. तो आपला विजय आहे असे वासू मानत असे.

आणि आता तोच वासू फोनवर म्हणत होता, "आज रेवती काय सुंदर बोलली गं नवऱ्याशी. तो इकडे पुण्यात चहा करतोय, ती तिकडून सांगतेय, अहो, साखर कमी घाला. तो म्हणतो, एवढ्या लांबून दिसतं का तुला? तर हसली."

"थांब. तिकडून म्हणजे कुठून?"

"चौकीवरून. दुसरीकडे कुठे जाणार आहे ती?"

"आणि तो लगेच उत्तर देतो?"

"मग? नवराबायको बोलतायत, ताई."

कुमुदताईंनी पाहिलेल्या भागात चहा नव्हता, पुणे नव्हते आणि नवराही नव्हता. एवढेच नव्हे, त्यांनी पाहिलेल्या मालिकेत चौकीची डॉक्टर रेवती दोन भागांपूर्वीच मरून गेली होती.

या हंगामापासून मालिका 'अनुरूप' झाली आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यामागचे विज्ञान नवे नव्हते. नवा होता तो त्याचा धीटपणा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढते, आणि रक्त हिरवा प्रकाश अधिक शोषते. म्हणजे दर ठोक्याला आपला चेहरा हिरव्या रंगापुरता नकळत काळवंडतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. चांगल्या कॅमेऱ्याला दिसते. टीव्हीच्या चौकटीत बसवलेला असा कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नाडी मोजतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारल्या ते पाहतो, कपाळावरची आठी टिपतो. त्यावरून प्रेक्षक कसला विचार करतो आहे हे कळत नाही. जाहिराती काहीही म्हणोत. पण तो केव्हा खिळलेला आहे आणि केव्हा उठायच्या बेतात आहे, एवढे बऱ्यापैकी कळते. धंद्याला तेवढे पुरते.

लेखक आता कथेचा नुसता सांगाडा देत. त्यावर मांस चढवायचे काम ज्याच्या त्याच्या घरातला टीव्हीसंच करी. चित्रे तोच काढी, आवाज तोच देई. ट्रायटनच्या बर्फाखालून नायट्रोजनचा फवारा फुटून चौकीला अपघात होणार हे सांगाड्यात ठरलेले असे. त्यात कोण जगेल हे ठरलेले नसे. ते प्रेक्षकाची नाडी ठरवी. संदेशाला लागणारे चार तास हीसुद्धा आता पिळता येणारी एक खुंटी झाली होती, हे कुमुदताईंना त्या संध्याकाळी प्रथमच कळले. त्यांच्या घरी प्रकाशाचा वेग निसर्गाने नेमून दिला होता तेवढाच होता. वासूच्या घरी तो अनंत होता.

"वासू, तुझी रेवती जिवंत आहे?"

"म्हणजे काय? तुझी नाही?"

"अपघातात गेली."

वासू म्हणाला, "तुझ्या संचाने मारली तिला. ती जाताना तुझी नाडी वाढली असणार. तुला काय आवडतं ते कळलंय त्याला." तो हे हसत म्हणाला, पण पुढचे बोलताना हसला नाही. "एक सांगायचं होतं. पुढच्या गुरुवारपासून मी अखंड योजना घेतोय."

अखंड योजनेची जाहिरात कुमुदताईंनी पाहिली होती. भाग वगैरे काही नाही. चौकी दिवसभर चालू. केव्हाही संच लावा, रेवती तिथे असणार, तुमच्याकडे वळून बोलणार, काल तुम्ही काय सांगितले ते लक्षात ठेवणार.

"मग आपला गुरुवारचा फोन?"

"बघू ना," वासू म्हणाला.

चांदूरकरांच्या घरात 'बघू' याचा अर्थ लहानपणापासून 'नाही' असाच होता.

नलिनीला जाऊन वर्ष होत आले होते. दोघे नवराबायको पक्के बुद्धिवादी. देहदानाचे कागद त्यांनी तरुणपणीच भरले होते. त्यामुळे ना स्मशान, ना अस्थी, ना दहावे, ना तेरावे. वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली, दोन सह्या झाल्या आणि नलिनी गेली. लोकांनी कौतुक केले. कुमुदताईंनाही त्या वेळी ते स्वच्छ आणि योग्य वाटले होते. अजूनही वाटत होते. फक्त, त्या गाडीच्या मागे दार लावून घेतल्यावर वासूने नेमके काय करायचे, हे कोणत्याच कागदात लिहिलेले नव्हते.

शेवटचा दिवस तर विचित्रच गेला होता. नलिनी अकोल्याच्या दवाखान्यात होती, आणि तिचे रिपोर्ट घेऊन बहीणभाऊ नागपुरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे आले होते. परतीची गाडी नागपुरातून सुटता सुटता नलिनीच्या बहिणीचा फोन आला, तो कुमुदताईंना. ती गेली होती. पण आपल्याकडे प्रवासातल्या माणसाला तसे सांगत नाहीत. 'तब्येत जरा जास्त आहे म्हणा, आणि घेऊन या,' असे ती म्हणाली, आणि कुमुदताईंनी तेवढेच सांगितले. त्या प्रवासाविषयी दोघे पुन्हा कधी बोलले नव्हते.

पुढच्या गुरुवारी सकाळी कुमुदताई गाडीत बसल्या. गाडीने नागपूर सोडले की वर्धा यायच्या आत डबा उघडायचा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. नलिनी त्यावरून त्यांना हसायची. आजही त्यांनी डबा उघडला आणि पोळीभाजी खाता खाता मनाशी मुद्दे मांडले. भावाला काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, तो काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचे. निवृत्त प्राध्यापकाला सवय सुटत नाही.

दार उघडले आणि सगळे मुद्दे गळून पडले.

वासू दुःखी दिसत नव्हता. तो गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा निळा सदरा घालून उभा होता. अंगावर थोडे मांसही चढले होते. घर लख्ख होते. दुःखी माणसाला काय सांगायचे ते कुमुदताईंना ठाऊक होते. सुखी माणसाला काय सांगणार?

"अशी न कळवता?" तो म्हणाला. "काही झालं का?"

"काही व्हायलाच पाहिजे का? आत तर घे."

चहा झाला, जेवण झाले. तो छान बोलला. पण त्याच्या बोलण्यात कॉलनीतले कुणी नव्हते, वीजकेंद्रातले जुने सोबती नव्हते. वर्तमानपत्र बंद केले होते. शेजारच्या ठोसरांकडे बारसे होते. तो गेला नव्हता. "गुरुवार होता," एवढेच त्याने सांगितले. सहाच्या सुमारास तो उठला, तोंड धुऊन आला, आरशासमोर उभा राहून त्याने भांग नीट केला. तो सदरा आपल्यासाठी नव्हता, हे कुमुदताईंच्या तेव्हा ध्यानात आले.

"ताई, तू आतल्या खोलीत बस ना. तुझ्या फोनवर तुझा भाग लाव."

"मी माझा बघायला इतक्या लांब आले नाही. तुझा बघायला आले."

"तुला नाही आवडायचा."

"तुझं लग्न ठरलं तेव्हाही मला जावई म्हणून तू आवडला नसतास. नलूने निभावलं ना?"

तो नाइलाजाने हसला. पाहुण्याला उठ म्हणणे त्याच्याने झाले नसते. कुमुदताई त्याच्या शेजारी कोचावर बसल्या. त्यांचा हेतू खरोखर साधा होता. भावाने काय पाहिले ते एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावे, म्हणजे त्याच्याशी बोलायला निदान एक गोष्ट सामाईक होईल. यात एक ढळढळीत चूक होती, आणि आयुष्यभर सरासरी शिकवलेल्या बाईने ती आधी ओळखायला हवी होती.

संच उजळला. "नमस्कार, वासुदेवजी," गोड आवाज आला. "आज आपल्यासोबत आणखी एक प्रेक्षक आहेत. भाग दोघांना अनुरूप केला जाईल."

"अरे देवा," कुमुदताई म्हणाल्या.

"काय झालं?"

"सरासरी काढणार आहे तो."

एका भावाला सहा नंबरचा जोडा होतो आणि दुसऱ्याला दहा नंबरचा, म्हणून दुकानदाराने आठ नंबरचे दोन जोड बांधून दिले, तर हिशेब बरोबर राहतो; चालवत मात्र कुणालाच नाही. सरासरी ही फार उपयोगी चीज आहे. फक्त, ज्यांच्यापासून ती काढली त्या माणसांपैकी एकाचीही ती असेलच असे नाही. कॅमेऱ्यासमोर एकच प्रेक्षक असे तोपर्यंत संच कधी चुकला नव्हता. आता त्याच्यासमोर दोन नाड्या होत्या, आणि एक जिथे वाढे तिथे दुसरी संथ होई.

भाग सुरू झाला, आणि पाच मिनिटांतच कळून चुकले की इतका टुकार भाग 'ट्रायटन चौकी'च्या इतिहासात झाला नव्हता.

कप्तान दिवाण हे कुमुदताईंच्या मालिकेत मितभाषी, आकड्यांत बोलणारे गृहस्थ होते. वासूच्या मालिकेत, त्याने मागे सांगितले होते, ते रेवतीला मुलीसारखे मानणारे प्रेमळ काका होते. आज ते वाटाणे सोलत बसले होते आणि सोलता सोलता हवेच्या दाबाचे आकडे वाचत होते. मध्येच एका आकड्यावर त्यांचे डोळे भरून आले. का, ते कुणालाच कळले नाही. चौकीवरचा यंत्रमानव कुमुदताईंकडे धोक्याची शक्यता टक्क्यांत सांगे आणि वासूकडे जुन्या चाली गुणगुणे. आज तो टक्केवारी गुणगुणत होता. मागच्या अपघाताची आठवण दाखवू लागले ती फवारा फुटण्याच्या ऐन क्षणी थांबली, आणि सगळे जण पोहे खायला बसले.

"हे काय आहे?" वासू पुटपुटला.

"मला विचारू नकोस. वाटाणे तुझे आहेत."

"आणि ते रडगाणं आकड्यांचं? ते तुझंच."

"माझे आकडे रडत नाहीत."

"ताई, गप बस गं. नाडी वाढते, तो आणखी बिघडवतो."

रेवती अजून दिसली नव्हती. वासू पुढे सरकून बसला होता. पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात तो तिला शोधत होता, ते पाहून कुमुदताईंनी तोंड मिटले. आपण इथे बसून त्याच्या पडद्यावरून कुणाला तरी पुसून टाकत आहोत, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी पडद्याकडे न पाहता खिडकीकडे पाहायचा प्रयत्न केला. कॅमेऱ्याने तेही नोंदवले असावे, कारण लगेच यंत्रमानवाने धावत येऊन चौकीवर आग लागल्याचे जाहीर केले.

मग पृथ्वीशी संपर्काचा प्रसंग आला. कप्तानाने निरोप धाडला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि उसासा टाकून म्हटले, "आता दोन तास थांबावे लागेल. नेपच्यूनहून संदेशाला दोन तास लागतात."

"दोन?" कुमुदताई म्हणाल्या.

"दोन?" वासू म्हणाला, आणि उभाच राहिला. "दोन तास? अरे गाढवा! चार लाव, नाहीतर एकदम शून्य लाव. शून्य एक वेळ मी समजू शकतो, म्हणेन की कथा आहे. पण दोन? प्रकाशाचा वेग दुप्पट? कुणाच्या बापाने केला दुप्पट?"

"चार आणि शून्य," कुमुदताईंना हसू आवरेना. "माझे चार, तुझा शून्य. बेरीज करून दोनाने भागलं त्याने."

"भागलं? प्रकाशाच्या वेगाला भागलं?" वासू पडद्यापुढे जाऊन उभा राहिला आणि कप्तान दिवाणांच्या नाकासमोर बोट नाचवू लागला. "या हिशेबाने तू शनी ओलांडून अर्ध्या वाटेवर आहेस! नेपच्यूनला आहेस म्हणतोस आणि बसलायस युरेनसच्या अलीकडे! भिंतीवरचं ते घड्याळ तरी बदल!"

कुमुदताईंच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. वर्षभरात त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. नलिनीने ज्याच्या हातातून फोन काढून घेतला होता, तो हा वासू.

तेवढ्यात पडद्यावर रेवती आली, आणि वासूचे बोट हवेतच थांबले.

ती एका काचेच्या पेटीत निजलेली होती. कप्तान हलक्या आवाजात सांगत होते, की अपघातानंतर तिला शीतनिद्रेत ठेवले आहे. ती जिवंत आहे असे म्हणता येत नाही, नाही असेही म्हणता येत नाही. तिचे डोळे उघडे होते. ओठ मधूनमधून हलत होते, पण आवाज येत नव्हता. काचेवर धुके धरत होते आणि विरत होते. तिच्याकडे पाहत कप्तान वाटाणे सोलत राहिले.

हा मात्र विनोद नव्हता. दोन माणसांच्या मनांचा तो काटेकोर मध्य होता.

वासू पडद्यासमोर पाठमोरा उभा होता. भाग तिथेच संपला. नावे सरकू लागली, आणि गोड आवाज आला, "आजच्या भागाने दोघांचेही समाधान झालेले दिसत नाही. एक प्रेक्षक खोलीबाहेर गेल्यास हाच भाग पुन्हा तयार करता येईल. वासुदेवजी, आपली अखंड योजनाही लगेच सुरू करता येईल. कृपया सांगा, कोण थांबणार आहे?"

कुमुदताई उठल्या. वाद घालायचे सगळे मुद्दे त्यांना आठवत होते, आणि त्यातला एकही वापरावासा वाटत नव्हता. त्या पेटीतल्या डोळ्यांसमोर भावाला ठेवून त्याला तर्क सांगणे त्यांच्याने होईना. पुन्हा तयार झालेल्या भागात ती उठून बसेल, चहात साखर कमी घाला म्हणेल. आपण तिथे नसलो की झाले.

"मी आत जाते," त्या म्हणाल्या. "तू बघ तुझा. मी वरणाला फोडणी देते."

त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"अशी दारात उभी राहू नकोस," वासू वळून न पाहता म्हणाला. "गाडीतही तू अशीच उभी होतीस."

"कुठल्या गाडीत?"

"नलूच्या वेळी. सीट सोडून दारापाशी उभी राहिलीस. वर्धा गेलं, पुलगाव गेलं, बडनेरा आलं. डबा तसाच मांडीवरून काढून बाकावर ठेवलेला. ताई डबा घेऊन गाडीत बसते आणि बडनेऱ्यापर्यंत उघडत नाही, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. मला तेव्हाच कळलं."

कुमुदताईंनी चौकट घट्ट धरली. "मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस तू. तुला खोटं बोलता येत नाही. म्हणून मी तिच्या पथ्याचं बोलत बसलो. तुला आठवतं? घरी आणलं की मऊ भात द्यायचा, लिफ्टवाल्या इमारतीत भाड्याने जागा बघायची. तू हूं हूं करत होतीस."

"आठवतं."

"अकोला येईपर्यंत ती माझ्यासाठी होती." त्याने सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसला. इस्त्री मोडली. "तुला काय वाटलं, मला चूक दिसली नाही? पहिल्याच दिवशी दिसली. रेवती बोलते आणि इकडे लगेच ऐकू येतं; शाळेतल्या पोरालाही कळेल. पण त्याने तो मधला वेळच काढून टाकला होता, ताई. ती बोलली की ऐकू येणार. ऐकू आलं म्हणजे ती आहे. मग मी म्हटलं, आपण कशाला बोलायचं? जसं गाडीत नाही बोललो."

"कृपया सांगा," संच म्हणाला, "कोण थांबणार आहे?"

"तू एक गप रे," वासू म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "फोडणी राहू दे. ये, बस इथे."

कुमुदताई येऊन बसल्या. तो पडद्याकडे पाठ करून वेताच्या मोड्यावर, त्यांच्या समोर बसला. मागे काचेच्या पेटीचे स्थिर चित्र उजळलेले होते, आणि कॅमेऱ्याला त्याच्या चेहऱ्याऐवजी डोक्याचा मागचा भाग दिसत असणार. तिथून नाडी मोजायची सोय विज्ञानाने अजून केलेली नाही.

"तुझ्यात कशी गेली ती?" त्याने विचारले. "रेवती. नीट सांग. काही वगळू नकोस."

"कशाला आता?"

"मला बघायला मिळालं नाही. सांग ना."

मग कुमुदताईंनी सांगितले. कथा सांगायची त्यांना सवय नव्हती. त्या प्रमेय सिद्ध करावे तसे एक एक पाऊल टाकत बोलल्या. चौकीच्या बाहेर संदेशयंत्र दुरुस्त करायला दोन पोरे गेली होती. बर्फाखालून नायट्रोजनचा फवारा फुटला. एकाचा पोशाख फाटला. रेवती त्याला आत ओढायला बाहेर गेली, तो आत आला, ती राहिली. पोशाखातली हवा संपायला थोडा वेळ होता. तेवढ्यात तिने नवऱ्याला निरोप पाठवला.

"काय म्हणाली?"

"फार काही नाही. खिडकीतल्या कुंडीला पाणी घाला म्हणाली. आणि म्हणाली, हे तुम्हाला ऐकू येईल तेव्हा घाई करू नका, बसून ऐका."

"बरं लिहिलंय," वासू म्हणाला. "तुझ्या संचाने."

"हो. आकड्यांशिवायही लिहितो तो कधी कधी."

वासू हसला, आणि ते हसू अर्ध्यावर मोडले. त्याने दोन्ही तळव्यांत तोंड घेतले. वर्षभरात न झालेले काहीतरी त्या लख्ख खोलीत होऊ लागले. कुमुदताईंनी ते होऊ दिले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्याने आणखी एकदा विचारून पाहिले. दोन्ही प्रेक्षक पडद्याकडे पाहत नसल्याने संच बंद करीत आहोत असे त्याने सांगितले, आणि काचेची पेटी अंधारात गेली.

बऱ्याच वेळाने वासूने नाक पुसले. त्याच्या आवाजात जुना अभियंता परत आलेला होता.

"आणि निरोप? पृथ्वीवर पोचला तेव्हा ती..."

"तेव्हा ती नव्हती. तिला जाऊन चार तास झाले होते."

"चार?"

"चार."

"बरोबर आहे," वासू म्हणाला. "तेवढेच लागतात."